एकोणसाठ मणी आणि पहाटेची वाट

वाचन: करिंथकरांस पहिले पत्र ९:२४-२७



आमच्या धर्मग्रामातल्या काही भगिनींनी गेल्या महिन्याभरात मला एकच प्रश्न तीन-चारदा विचारला, "टीचर, पहाटे उठून धावायला तुम्हाला हुरूप येतो तरी कुठून?" प्रश्न रास्त आहे. मी चाळिशी ओलांडलेली, कला शाखेची पदवीधर, शाळेत असताना कधी शर्यतीत न उतरलेली बाई. मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी धावण्याचं कारण सांगते. माझ्या आईला कितीतरी वर्षं साखरेचा आजार होता. पायाला झालेली लहानशी जखम चिघळत गेली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. त्यानंतर ती चार वर्षं जगली. तिच्या चपलांच्या शेवटच्या जोडातली उजवी चप्पल नवीच राहिली. दोन वर्षांपूर्वी माझी रक्ततपासणी झाली, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे आजाराचा उंबरठा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळीची घाई नको, पण आता अंग हलवायला हवं." घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे ती नवी चप्पल होती.

डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. काँग्रेस रोडवरून व्हॅक्सिन डेपोच्या झाडीकडे जायचं आणि परत यायचं. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात गेले. मग बेळगावचा पाऊस लागला. जुलैतली ती ओली, काळोखी पहाट तुम्हाला माहीत आहेच. अंगावरचं पांघरूण काढावंसं वाटत नाही. तेव्हा मला एक गोष्ट कळली. भीतीनं माणूस डॉक्टरांकडे जातो, पण भीती माणसाला रोज पहाटे पाच वाजता उठवत नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी लागतं.

ते दुसरं काहीतरी मला धर्मशिक्षणाच्या तयारीत सापडलं. ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला यांचा सण असतो. मुलांना त्यांच्याविषयी सांगायचं म्हणून मी वाचत होते. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला आणि पुढे ते आयुष्यभर लंगडत चालले. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोप तिसरे पौल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की चालणं, धावणं हा जसा शरीराचा व्यायाम, तशी ही साधना आत्म्याचा व्यायाम आहे. लंगडणाऱ्या संतानं धावण्याचं उदाहरण द्यावं, हे वाचून मी क्षणभर थबकले.

पुढे ख्रिस्तजन्माच्या मननाशी आले. तिथं ते आपल्याला एकदम गव्हाणीपाशी नेत नाहीत. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट आधी मनाच्या डोळ्यांनी पाहायला सांगतात. ती किती लांब आहे, किती रुंद आहे, सपाट आहे की दऱ्याडोंगरांतून जाते, हे सगळं पाहायचं. शंभराहून अधिक किलोमीटरची ती वाट. मरिया आणि योसेफ त्या वाटेनं कसे गेले असतील, हे ज्यानं मनात पाहिलं, त्याला गव्हाणीपाशी पोहोचल्यावर बाळाकडे वेगळ्याच डोळ्यांनी पाहता येतं.

मी ठरवलं, आपणही आधी वाट पाहायची. तेव्हापासून धावण्याच्या आदल्या रात्री, प्रार्थना झाल्यावर, दिवा मालवून मी पाच मिनिटं डोळे मिटून पडते आणि उद्याची वाट मनात धावून घेते. फाटकाची कडी काढते. गल्लीच्या टोकाचा चढ येतो, तिथं मला नेमका दम लागतो. तो चढ मी टाळत नाही. तिथं पावलं लहान करायची, वेग कमी करायचा आणि श्वासाबरोबर 'नमो मरिया' म्हणायचं, हे रात्रीच ठरवून ठेवते. पाऊस असेल तर पाऊसही पाहते, भिजलेले बूट, चष्म्यावरचं पाणी, सगळं. सकाळी तो चढ खरोखर समोर येतो, तेव्हा तो ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाला आपण घाबरत नाही, तसंच हे.

नंतर वाचताना कळलं की मानसशास्त्राचे अभ्यासकही असंच काही सांगतात. लियन फॅम आणि शेली टेलर या दोन संशोधकांनी १९९९ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चांगले गुण मिळाल्याचं चित्र रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, आपण अभ्यासाला कसे बसतो आहोत याचं चित्र मनात पाहणाऱ्यांची तयारी आणि गुण दोन्ही सरस ठरले. गाब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ तर सांगतात की नुसत्या यशाच्या गोड स्वप्नात रमलं, की प्रयत्नांचा जोरच ओसरतो. इच्छेच्या शेजारी वाटेतला अडथळाही पाहायला हवा. म्हणजे गळ्यात पदक पडल्याचं चित्र आपल्याला फार दूर नेत नाही. गल्लीच्या टोकाचा चढ मनात पाहिला, तर पाय उचलले जातात.

पण मनातलं चित्र पुसट होतं. दिवसभराच्या धबडग्यात रात्रीचं मनन कुठं राहतं? तिथं हात मदतीला येतात. मनातलं चित्र हातांनी उभं करायचं, ही तर आपल्या ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेचो गावात गव्हाण, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्म लोकांच्या डोळ्यांसमोर उभा केला. आपली मुलं नाताळात माती, गवत आणि कागद घेऊन गोठा करतात, ती त्याच रीतीनं. क्रूसाच्या वाटेचंही तेच. ज्यांना यरुशलेमला जाणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी ती वाट त्यांच्याच चर्चच्या भिंतीवर आली. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली तिची चौदा स्थानं निश्चित केली. इग्नेशियस तर साधकाला कागदावर रेघा ओढायला सांगतात. रोज आत्मपरीक्षण करून त्या रेघांवर ठिपके द्यायचे आणि आजचे ठिपके कालच्या ठिपक्यांशी ताडून पाहायचे.

मीही दोन गोष्टी केल्या. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर माझी वाट काढली. वळणं, चढ, झाडं, रोज भुंकणारा कुत्रा, सगळं काढलं. जितकं अंतर धावून झालं, तितक्या वाटेवर जुन्या कपड्यांच्या चिंध्या चिकटवत गेले. आईच्या वाकळीतून उरलेले तुकडे होते, तेच वापरले. स्वयंपाकघरात भिंतीवर ती वाट हळूहळू रंगीत होत गेली.

दुसरी गोष्ट रोझरीची. आईच्या रोझरीचा दोरा कुजून तुटला होता. मणी एका डबीत तसेच पडून होते. रोझरीत एकोणसाठ मणी असतात, 'नमो मरिया'चे त्रेपन्न आणि प्रभूच्या प्रार्थनेचे सहा. मी नवा जाड दोरा आणला, एका टोकाला क्रूस बांधला आणि नेम केला. धावून आले की एक मणी ओवायचा आणि गाठ मारायची. किती वेगानं धावले, किती लांब गेले, याचा हिशेब मण्याला नाही. दाराबाहेर पडून ठरलेली वाट पुरी केली, की मणी. ताप आला किंवा घरात अडचण आली, तर मणी नाही. आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावणंही नाही. डबी उद्याही तिथंच असते.

आठवड्यातून तीनदा धावणं होत होतं. मणी हातात घेताना दिसायचं की काही मणी एका बाजूनं झिजलेले आहेत. आईच्या अंगठ्यानं झिजलेले. ते ओवताना मी घाई करत नसे. पाऊस सरला, दसरा-दिवाळी गेली, थंडी पडली. आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात डबी रिकामी झाली आणि माझ्या लक्षात आलं की ओवलेले मणी अठ्ठावन्नच आहेत. एक मणी कधीतरी हरवला असणार. वर्गात मुलांना ही गोष्ट सांगितली, तर चौथीतल्या एका मुलीनं दुसऱ्या रविवारी तिच्या तुटलेल्या माळेतला लाल मणी आणून दिला. "टीचर, हा चालेल?" म्हणाली. तो लाल मणी आज त्या रोझरीत आहे. साऱ्या तपकिरी मण्यांत तो उठून दिसतो.

आता संत पौलाकडे येते. ज्या करिंथकरांना त्यांनी धावणाऱ्यांचं उदाहरण दिलं, त्यांच्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढवत, पाइनच्या किंवा रानटी सेलरीच्या पानांचा. तो थोड्या दिवसांत सुकणारच. म्हणून पौल न सुकणाऱ्या मुकुटाविषयी बोलतात आणि आपण नेम नसल्यासारखं धावत नाही असं सांगतात. प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय उघडून पाहा. याच करिंथमध्ये पौल दीड वर्ष राहिले आणि अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचं काम करत होते. धावण्याचं उदाहरण देणारे हे प्रेषित हातांनी काम करणारे कारागीर होते. तंबूच्या जाड कापडाला एकेक टाका घालणाऱ्या माणसाला चिकाटी म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

त्याच पत्रात, तीन अध्याय आधी, ते आपल्याला आठवण करून देतात की आपलं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. मंदिर झाडून-पुसून ठेवायचं असतं. माझं पहाटेचं धावणं म्हणजे तेवढंच, मंदिराचा केर काढणं.

मात्र या सगळ्यातली मोठी गोष्ट मला अगदी शेवटी उमगली. पूर्ण झालेली रोझरी हातात घेऊन मी पहिल्यांदा आनंदाची रहस्यं म्हणायला बसले. दुसरं रहस्य आलं, मरियेची एलिझाबेथशी भेट. मरिया डोंगराळ प्रदेशातून लगबगीनं चालली आहे. तिसरं आलं, बेथलेहेम. पुन्हा वाट. मनात वाट पाहायची आणि हातानं मणी सरकवायचा, ही रोझरीच तर आहे! मी जे नव्यानं शिकले असं मला वाटत होतं, ते माझी आई खुर्चीत बसून रोज संध्याकाळी करत होती. एका पायानं ती नाझरेथहून यहुदियाच्या डोंगरात गेली, बेथलेहेमला गेली, दुःखाच्या रहस्यांत कालवरीची चढण चढली. घरातले आम्ही म्हणायचो, "आई आता कुठं जाऊ शकत नाही." ती रोज जाऊन येत होती.

म्हणून ज्यांना धावता येत नाही, गुडघे दुखतात, अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्यासाठीही मी हे लिहिते आहे. तुमची वाट कोणतीही असू दे. दारू सोडण्याची असेल, रुसलेल्या भावाशी पुन्हा बोलण्याची असेल, आजाऱ्याची सेवा करण्याची असेल. रात्री पाच मिनिटं ती वाट प्रभूबरोबर मनात चालून पाहा. शेवटचा आनंद तेवढा पाहू नका, कुठं दम लागणार आहे तेही पाहा आणि तिथं काय कराल ते प्रभूला सांगून ठेवा. मग हातांनी काहीतरी करा. एक टाका घाला, एक ठिपका द्या, एक मणी ओवा. मन विसरतं, तेव्हा हातानं केलेली वस्तू समोरून आठवण देते.

माझा साखरेचा आकडा गेल्या तपासणीत ५.८ आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवा." आकडा पुन्हा वरही जाईल, ते सर्वस्वी माझ्या हातात नाही. उद्याची पहाट मात्र देवानं दिली, तर माझ्या हातात आहे. सध्या दुसरी रोझरी ओवायला घेतली आहे. लाल मणी देणाऱ्या मुलीला ती द्यायची आहे. सतरा मणी झाले आहेत.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू गालीलाच्या वाटा पायी तुडवल्यास आणि कालवरीची चढण आमच्यासाठी चढलास. आमच्या थकलेल्या पायांना बळ दे आणि रिकाम्या हातांना काम दे. ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या सोबत तू चाल. आमेन.