सांगावा

माझी भाची गेल्या वर्षी कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करू लागली. पहाटेची लोकल पकडायची, उभ्याने मुंबईला जायचे, उभ्यानेच परत यायचे आणि रात्रीची जेवणे आटोपली की एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढ्यात घेऊन बसायचे, असा तिचा क्रम. मी आपली मॅट्रिक. हल्ली दहावी म्हणतात, पण आमची आई अजून मॅट्रिकच म्हणते आणि तिच्या तोंडून ते ऐकले की आपण जरा जास्त शिकलो आहोत असे मला वाटते. शिशुवर्गाला शिकवते, सुटीत कादंबऱ्या लिहिते. इंग्रजी पुस्तक समजावून सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. पण भाचीची युक्ती निराळीच होती. “मावशी, तू नुसती समोर बैस,” ती म्हणाली, “तुला मराठीत सांगितलं की मला आपोआप कळतं.”

अशा रीतीने शिशुवर्गाची बाई या वयात कॉलेजात गेली. नाटक-सिनेमापासून उपग्रहापर्यंत आणि छापखान्यापासून मोबाइलपर्यंत सारे त्या पुस्तकात होते. नव्हती ती फक्त आमची वसई.

पहिल्याच रात्री पाच प्रश्न आले. कोण सांगतो, काय सांगतो, कशातून सांगतो, कोणाला सांगतो आणि त्याने काय होते? हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन पंडिताने ते १९४८ साली मांडले म्हणे. मला हसू आले. कोणाचे ठरलेले लग्न मोडल्याची कुणकुण लागली की आमची आजी हेच पाच प्रश्न विचारी, आणि तेही सुपारी कातरताना.

कॉलेजने आपल्या परिसरातले एक उदाहरण लिहून आणायला सांगितले होते. मी आधी तिला घंटा सुचवल्या. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा मराठे सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. घंटा तीच, नादही तोच; बोलावणे मात्र दुसऱ्या देवाचे. भाचीला हे आवडले, पण ‘कोण सांगतो’ या प्रश्नाशी ती अडली. मोठमोठ्यांना जे सुटले नाही ते आम्ही दोघींनी रात्री अकराला सोडवण्यात अर्थ नव्हता.

मग मी तिला सोपाऱ्याला नेले. म्हणजे मनानेच, एरवी रात्री नालासोपाऱ्याच्या गर्दीत कोण जाईल! तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली आमच्या भुईगावला नवव्याचा. आपल्या तालुक्यातला जाहीर सांगावा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी अक्षरांत दगडावर कोरलेला. आणि त्यात काय असावे? आठव्या लेखाचा मजकूर इतर ठिकाणी पुरता टिकला आहे, म्हणून ते कळते. पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींना जात, शिकारी करीत. या राजाने ते सोडले, तो बोधिवृक्षाच्या यात्रेला गेला आणि तेव्हापासून लोकांना भेटणे, दानधर्म करणे, धर्म सांगणे हीच त्याची सफर झाली. मनोरंजनावरचा धडा आमच्याकडे तेव्हाच लिहून झाला होता! पण मला त्यातले सर्वांत आवडते ते दुसरेच. सांगणारा आपले नाव लपवीत नाही. नवव्या लेखाच्या तर आरंभीच ते येते. हे मी, प्रियदर्शी राजा, सांगतो आहे. पटत नसेल तर माझ्याशी वाद घाला.

भाचीने तो तुकडा वहीत उतरवला आणि आमचा अभ्यास पुढे सरकला. पुढच्या आठवड्यात मात्र जे प्रकरण आले त्याने माझी झोप उडवली.

१९४० सालच्या अमेरिकन निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी ओहायोतल्या एका जिल्ह्यात महिनोन् महिने लोकांना विचारले, तुमचे मत कशाने ठरले? उत्तर रेडिओ किंवा वर्तमानपत्र असे येईल अशी अटकळ होती. निघाले निराळेच. ज्याने रेडिओ ऐकला, वर्तमानपत्र वाचले अशा शेजाऱ्यापाजाऱ्याच्या, विश्वासातल्या माणसाच्या शब्दाने मते फिरत होती. बातमी दोन पायऱ्या उतरून येते आणि दुसऱ्या पायरीवर ओळखीचा चेहरा असतो.

हे मला लगेच पटले. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या आळीत एकच टीव्ही. रविवारी सकाळी त्याला हार घालीत. घर भरले की उरलेल्यांनी अंगणात बसायचे आणि खिडकीच्या गजांना लोंबकळलेल्या एका पोराने आत काय चालले आहे ते ओरडून सांगायचे. त्या पोराला राक्षस फार आवडत. त्यामुळे अंगणातल्या रामायणात राक्षस जरा जास्तच होते आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

भाची हसत होती. मी हसता हसता थांबले.

२०१८ च्या जूनमध्ये शाळा नुकती सुरू झाली होती. एका रात्री फोनवर मजकूर आला: मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, बायकाही आहेत. कोणी पाठवला ते आता आठवतही नाही. मी तो पालकांच्या गटावर टाकला आणि खाली माझ्या हाताने एक ओळ जोडली: पालकांनी सावध राहावे. कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना पाऊस कोसळत होता. आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारी बोहारीण भांड्यांची पाटी घेऊन समोरच्या वळचणीला उभी होती. एक पोर रडत होते म्हणून तिने त्याच्या हातात चकचकीत चमचा दिला. एवढेच. मी छत्री घेऊन बाहेर आले तो वीस-पंचवीस माणसांचे कोंडाळे, पाटी उलथी, डबे चिखलात. कडेला उभ्या असलेल्या एका बापाने मोठ्या कौतुकाने मला फोन दाखवला. “बाई, तुम्ही पाठवलंत ते बरं झालं.”

मी आत घुसले. “ताई, तुम्ही तरी सांगा यांना,” ती म्हणाली. तिच्या कपाळाला खोक पडली होती. मी म्हणाले, हिला मी ओळखते. एवढ्यावर कोंडाळे पांगले. माझ्या शब्दाने जमले होते, माझ्या शब्दाने पांगले. मी तिची भांडी गोळा करू लागले, तिने माझ्या कानशिलावरून बोटे मोडली आणि म्हणाली, “तुमच्यामुळं वाचले.” मी काही बोलले नाही.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेला आलेल्या पाचजणांना अशाच अफवेवरून लोकांनी ठेचून मारले. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र मी घडी करून ठेवून दिले. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक गेला. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा भारतात घातली. मी तर एकाच ठिकाणी धाडला होता.

हे भाचीला त्या रात्री सांगायला हवे होते. तिला उदाहरण हवे होते आणि पाचही प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे होती. ‘कोण सांगतो’ यापाशी माझी जीभ अडली. तिने अशोकाचा दगड लिहून दिला, चांगले गुणही मिळवले.

दिवाळीच्या तोंडावर बोहारीण नेहमीप्रमाणे आली. माझ्या दोन जुन्या साड्या आणि भाचीच्या तीन जीन्स यांवर एक मोठा डबा, अशी तासभर घासाघीस झाली. मी तिला सुकेळी दिली. उठताना ती भाचीला म्हणाली, “तुझ्या मावशीनं माझा जीव वाचवला होता, ठाऊक आहे का पोरी?”

भाचीने माझ्याकडे पाहिले. “मावशी, हे काय ग? तू कधी बोलली नाहीस!”

सांगते मग, म्हणून मी फराळाचे निमित्त काढून आत गेले. दिवाळी अंक घरी आला की ती आधी माझी पाने वाचते.