नांदेडचा अनुस्वार, लातूरचा ल

ब्लॉगचं नवं टेम्प्लेट हाती आलं की मी त्यात आधी दोनच शब्द टाकून बघतो. नांदेड आणि लातूर. गाव माझं नांदेड, गिऱ्हाइकं निम्मी लातूरची, एवढंच त्यामागचं कारण होतं. पण परीक्षेला याहून बरे शब्द शोधूनही सापडले नसते. नांदेडच्या डोक्यावर अनुस्वार आहे, मात्रा आहे. लातूरच्या पायाशी दीर्घ ऊकार आहे आणि तोंडाशी ल. हे दोन शब्द ज्या टेम्प्लेटात धड दिसतात, त्यात बाकीची मराठी बहुधा सुखानं नांदते.

गिऱ्हाईक येतं ते रंग बदलायला. “जरा भगवा करा”, “निळा नको, फार दवाखान्यासारखा वाटतो”. रंगाचं काम पाच मिनिटांचं. खरं काम जागा करायचं असतं, आणि ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागताना मला आजही चाचरायला होतं.

ही टेम्प्लेटं बांधलेली असतात रोमन अक्षरांसाठी. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. नांदेडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याकडे गेलं की गुरुमुखीच्या पाट्या, त्याही वरच्या रेघेलाच टांगलेल्या. जुन्या वस्तीत उर्दूच्या पाट्या, तिथं तर शब्द उजवीकडून तिरपा उतरत खाली येतो. पेंटर त्या शब्दासाठी पाटीत वर-खाली जास्त जागा सोडतो. टेम्प्लेट करणारा कुठल्या तरी दूरदेशी बसलेला, त्याला ही पाटी दिसलेली नसते. त्यानं मेनूच्या पट्टीला चाळीस पिक्सेल उंची दिली, ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवली आणि बाहेर डोकावेल ते कापा असं सांगून ठेवलं. इंग्रजीत काहीच बाहेर डोकावत नाही. आमचं नांदेड मात्र त्या पट्टीत गेलं आणि अनुस्वार, मात्रा दोन्ही छाटले जाऊन ‘नादड’ होऊन बसलं.

उपाय साधा आहे. ठाम उंची काढून ‘किमान उंची’ लिहायची, कापण्याचा हुकूम रद्द करायचा, आणि लाइन-हाइट १.२ असेल ती मजकुरासाठी १.७ पर्यंत न्यायची. मग लेटर-स्पेसिंग शोधायचं. मोठ्या रोमन अक्षरांच्या मेनूत दोन पिक्सेल अंतर झोकदार दिसतं. आपल्याकडे तेच अंतर घातलं की वरची दोरीच तुटते आणि प्रत्येक अक्षर आपापला तुकडा धरून उभं राहतं. तिथं मी शून्य लिहितो. अवतरणासाठी ठेवलेला तिरपा टाइपही काढतो. देवनागरी तिरपी केली की ती एसटीत वळणावर उभ्या असलेल्या माणसांसारखी दिसते.

मी मूळचा डीटीपीवाला. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. पेजमेकर आणि श्रीलिपीवर दिवस काढलेला. टाइपरायटरच्या कळफलकावर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. डोक्याला हे एका दिवसात पटलं, बोटांना पटायला बरेच महिने लागले. पण प्रेसमधली एक सवय कामाला आली. प्रूफ वाचताना आम्ही शब्द वाचत नसू, शब्दांमधल्या फटी बघत असू.

टेम्प्लेट मी ब्लॉगच्या आतल्या खिडकीत कधी हाताळत नाही. सगळं उचलतो, नोटपॅड प्लस प्लसमध्ये आणतो आणि आधी तारीख घालून एक प्रत बाजूला ठेवतो. मग कंट्रोल-एफ मारून स्किनचा शेवट शोधतो. ब्लॉगरच्या टेम्प्लेटात त्या खुणेच्या वर सगळा पोशाख असतो, खाली घराच्या भिंती. माझ्या ओळी मी त्या खुणेच्या लगेच वर घालतो. मूळ ओळींना हात लावत नाही, कारण बरोबरीच्या दोन नियमांत जो नंतर येतो तो चालतो. खालच्यानं वरच्याला झाकायचं. उद्या चुकलं तर माझं तेवढं काढलं की जुनं जसंच्या तसं. प्रत्येक ओळीशेजारी मराठीत टीप लिहून ठेवतो. ‘अनुस्वारासाठी.’ ‘गिऱ्हाइकाच्या हट्टासाठी.’ एका फायलीत स्वतःच्याच हातचं असंही सापडलं : ‘हे का केलं आठवत नाही, पण काढलं की मेनू पडतो.’

भिंतींच्या भागात शहाणपणा करू नये, तो मी केला. एका रात्री फॉन्टची लिंक चिकटवली. लिंकमध्ये अँडचं चिन्ह होतं, आणि या टेम्प्लेटात ते नुसतं चालत नाही, त्याचं पूर्ण रूप लिहावं लागतं. जतन होईना. संतापात दोन-चार गोष्टी उडवल्या, त्यात एक बंद करणारा टॅग गेला. आता यंत्र सांगतंय, चूक एकोणीसशेव्या ओळीत आहे. ती ओळ मी वीस वेळा वाचली, तिच्यात काही नव्हतं. स्लॅब गळतो तेव्हा ओल हॉलमध्ये दिसते आणि भेग निघते संडासाच्या कोपऱ्यात, तसलाच प्रकार. उघडलेला खण बंद झाला नाही हे यंत्राला शेवटी जाऊन कळतं, म्हणून ते शेवटची ओळ दाखवतं. माझी चूक सहाशेच्या आसपास होती. त्या रात्री बाजूला ठेवलेली प्रत नव्हती. तारखेची सवय तेव्हापासूनची.

लातूरच्या ल ची गोष्ट एका गुरुजींची. औशाकडचे, निवृत्त. किल्लारीच्या भूकंपावर लिहीत होते. १९९३ चा, ३० सप्टेंबरच्या पहाटेचा. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती, दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, चार वाजायला चार मिनिटं होती. त्यांचं मॅटर लावताना माझे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. सगळं जमलं असं वाटलं तेव्हा लिंक पाठवली. दुपारी फोन.

“बाबा, हे काय दिसू लालंय रे?”

“काय झालं, गुरुजी?”

“तो ल बघ. आपला ल असा असतोय का?”

मी बघितला. आयुष्य अक्षरांत गेलं आणि मला तो दिसला नव्हता. किल्लारीतले दोन्ही ल, लातूरचा ल, सगळे हिंदी पुस्तकात असतात तसे उभ्या दांड्याचे होते. श सुद्धा परका. गुरुजींनी चाळीस वर्षं फळ्यावर पाकळीचा ल गिरवून घेतलेला. राज्य सरकारनंही २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलेत, पण गुरुजींना शासन निर्णयाची गरज नव्हती.

मी फॉन्ट बदलायला निघालो होतो. दोन दिवस तीन-चार लावून बघितले. कुणाचा ल बरा तर ‘शेतकऱ्यां’मधला ऱ्य बिघडलेला, आणि ऱ्य बिघडला की दऱ्याखोऱ्यांचा दर्या होतो. शेवटी टेम्प्लेटच्या अगदी वरच्या ओळीशी आलो. तिथं भाषेचा एक खण असतो. एरवी कुणी बघत नाही, मीही बघितला नव्हता. त्यात ‘एचआय’ लिहिलेलं होतं, म्हणजे हिंदी. मी ते खोडून ‘एमआर’ केलं. दोन अक्षरं. पान ताजं केलं आणि सगळे ल पाकळीचे झाले. मी लावलेल्या नोटो सान्स देवनागरीत दोन्ही ल पहिल्यापासून होते. मजकूर मराठी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

गुरुजींना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, गंजगोलाईत सोळा रस्ते येतात, कुठल्या रस्त्याला काय मिळतं ते सांगितल्याशिवाय नवा माणूस तिथं गोल गोलच फिरतो.

आठवड्यानं पुन्हा फोन आला. आता ल बरोबर होता, ओळी मोकळ्या होत्या, त्यांच्या मुलीनं पुण्यात वाचलं होतं. तक्रार दुसरीच होती. लेखाच्या डोक्यावर टेम्प्लेट आपोआप तारीख छापतं, ज्या दिवशी लेख टाकला त्या दिवसाची. तिथं १० जुलै दिसत होती.

“वर जुलै कशाला? जुलैत काय झालं नव्हतं.”

मी फाईल उघडली, प्रत बाजूला ठेवली, स्किनच्या शेवटाशी गेलो आणि तारखेची ओळ लपवणारा एक नियम लिहिला. शेजारी टीप टाकली : ‘गुरुजींची तारीख लेखात आहे.’