नंजनगूडची मोड

गवंड्याचा माग काढायचा तर भिंत असते, सुताराचा काढायचा तर वाड्याचं दार असतं. सोनाराचं काम मात्र पुढची पिढीच मोडून टाकते. आजीची बोरमाळ आईच्या पाटल्यांत जाते, पाटल्या नातसुनेच्या गंठणात. घडवणाऱ्याचं नाव दागिन्यावर कधी नव्हतंच, आता दागिनाही नाही. आमच्या खापरपणजोबांचं म्हैसूर पाहायला निघालो तेव्हा हाताशी होती मोडीतली एक अर्धीमुर्धी चोपडी आणि घरात चालत आलेलं एक वाक्य : ‘ते म्हैसूरच्या राजाचे सोनार होते.’

कोल्हापूरच्या एका मोडी जाणकारांकडून चोपडी लावून घेतली. त्यात राजा कुठेच नाही. नंजनगूड मात्र पानोपानी आहे. म्हैसूरच्या दक्षिणेला, पंचवीसेक किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठचं देवस्थानाचं गाव. म्हणजे आमचे पूर्वज राजधानीत नव्हे, तिच्या शेजारच्या एका बाजारगावात दुकान मांडून बसले होते. हे ऐकून आमच्या काकांचा चेहरा जरा उतरला. मला बरं वाटलं. राजाच्या सोनारापेक्षा गावच्या सोनाराची चोपडी जास्त बोलते.

आमच्या गडहिंग्लजसारख्या गावातला माणूस इतक्या दूर का गेला असेल? घरात कारण सांगतात ते साधं : सोनारांची घरं पुष्कळ, गिऱ्हाईक थोडं. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कानडी, त्यामुळे भाषेचा अडसर नव्हता. शिवाय तेव्हाच्या म्हैसूर मुलखाला मराठी परकी नव्हती. टिपूच्या दफ्तरात जमाखर्च कानडी, मराठी आणि फारसी अशा तिन्ही भाषांत लिहिला जाई. टिपू पडल्यावर १७९९ पासून १८११ पर्यंत दिवाणगिरी सांभाळली ती पूर्णय्यांनी, देशस्थ माध्व घराण्यातल्या माणसाने. मोडी लिहिणारा कारकून या मुलखात कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता, मग मोडी लिहिणारा सोनार कशाला खुपेल!

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली, बंगळूरला गाडी बदलली. रामनगरचे खडक मागे पडले, मंड्याचा ऊस सुरू झाला. श्रीरंगपट्टणला तर रूळ किल्ल्याच्या पोटातूनच जातात. डब्यात इडली, वडा, कॉफी यांच्या हाका अखंड चालू. बंगळूर–म्हैसूर या लोहमार्गाबद्दल एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात नव्हती. ती नंजनगूडला आठवली, आणि तिथेच सांगायला हवी.

राजवाड्यात मी फार रेंगाळलो नाही. खापरपणजोबांच्या काळचा वाडा हा नव्हेच. तो जुना लाकडी वाडा १८९७ च्या फेब्रुवारीत राजकन्येच्या लग्नसोहळ्यात जळाला. आजचा उभा राहिला हेन्री आयर्विनच्या आराखड्याने, आणि पुरा झाला १९१२ मध्ये. थांबलो तो फक्त अंबारीपाशी. लाकडी सांगाड्यावर सोन्याचा पत्रा चढवलेली ही सुमारे ७५० किलोंची अंबारी. दसऱ्याला चामुंडेश्वरीची मूर्ती हिच्यातूनच मिरवते. आजूबाजूचे लोक सोन्याची किंमत काढण्यात गुंग होते. मी पत्र्याचे सांधे शोधत होतो. ते सहजी सापडत नाहीत, हीच कारागिराची सही. गाईडला विचारलं, ‘कोणी केली ही?’ तो म्हणाला, ‘महाराजांनी.’ त्याची चूक नाही. त्याला सगळे तेवढंच विचारतात.

चामुंडीच्या टेकडीवर तीच तऱ्हा. तिथलं गोपुर १८२७ चं, तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी उभारलेलं. गाभाऱ्याजवळ तीन राण्यांसह त्यांची मूर्ती आहे. देवीला त्यांनीच नक्षत्रमालिका वाहिली, संस्कृत श्लोक कोरलेला सोन्याचा दागिना. दान देणाऱ्याचं नाव टेकडीवरचा फुलवाला पोरगाही सांगतो. जोडाक्षरं, अनुस्वार, विसर्ग सोन्यात सुबक उतरवणारा हात कुणाचा, हा प्रश्न विचारणारा मी बहुधा सोनाराच्या घरचा म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी अशोक रोडला गेलो. राजवाड्याच्या उत्तरेकडून सेंट फिलोमिना चर्चच्या दिशेने जाणारा हा रस्ता म्हणजे म्हैसूरचा सराफकट्टा. पलीकडच्या सयाजीराव रोडला बडोद्याच्या गायकवाडांचं नाव आहे, पण मराठी ऐकू येते ती इकडे. पुढच्या बाजूला काचेची दुकानं आणि मारवाडी पेढ्या. मागच्या बोळांत कारागीर : कानडी अक्कसाली, घरी कोकणी बोलणारे दैवज्ञ, आणि हल्ली बारीक कामाला बंगाली पोरं. अशाच एका बोळात भिंतीवर रेवणसिद्धाची तसबीर दिसली आणि मी पायरीवरच थबकलो. रेणावीचा रेवणसिद्ध म्हैसुरात दिसला, की समजावं आत गलाईवाले असणार.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातून ही माणसं देशभर गेली. दक्षिणेत तर सराफ गल्ली आहे आणि गलाईवाला नाही, असं क्वचितच. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा. शेतात पाऊस नाही म्हणून पोरगं चुलत्याच्या मागे परगावी जातं, फुंकणी धरायला शिकतं आणि पुढे तिथलंच होतं.

‘कुठलं गाव म्हणायचं पाव्हणं?’ मी तोंड उघडायच्या आत आतून विचारणा झाली.

‘गडहिंग्लज.’

‘मग आपलंच की. बसा.’

बोलावणाऱ्या त्या गलाईवाल्या मामांच्या पुढ्यात एक जुना कंठा होता, कुठल्याशा पेढीवरून मोडीला आलेला. पोकळ मणी, त्यांत लाख भरलेली. पातळ पत्र्याचा मणी चेपू नये म्हणून ती भरतात. त्यांनी चिमट्याने खडे उचकटून कागदावर ठेवले आणि कंठा ज्योतीवर धरला. लाख वितळून ठिबकू लागली, तिचा करपट गोडसर धूर बोळभर झाला. मग मणी मुशीत टाकले, चिमूटभर सवागी भुरभुरवली, भट्टीचा पंखा वाढवला. थोड्या वेळात मुशीच्या तळाशी सोन्याचं पाणी झालं. आधी त्यावर मळकट साय होती, ती बाजूला सरली आणि मधे एक लखलखीत डोळा उघडला. मामांनी सांडशीने मूस उचलून लोखंडी साच्यात ओतली. निघाली ती बोटाएवढी लगड. टंच काढायला आता मशीन आहे, पण तिच्याआधी मामा लगडीचा रंग पाहून आकडा सांगतात आणि मशीनची परीक्षा घेतात.

वजन केलं तेव्हा घट माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच होती.

‘जुन्या डागात लाख फार, झाळ फार,’ मामा म्हणाले. ‘सांधायला जे लावतात ना, त्यात तांबं-चांदी असते. ती आटवली की टंच खाली येतो. पण हा कारागीर हुशार होता हां. मणी काय पातळ ओढलेत बघा!’

आता बघणार काय, कपाळ! पण म्हैसुरात कुण्या निनावी सोनाराची स्तुती ऐकली ती एवढीच, आणि तीही त्याचं काम आटवून टाकणाऱ्याच्या तोंडून.

दुकानातली झाडलेली मातीही मामा फेकत नाहीत. ती झारेकरी विकत नेतात आणि धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढतात. निघताना मामांनी एका नव्या अंगठीच्या आतल्या बाजूचा हॉलमार्क भिंगातून दाखवला. त्याशेजारी सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असते, तीवरून दागिना कोणत्या सराफाने तपासून घेतला ते कळतं. २०२३ च्या एप्रिलपासून ती सक्तीची झाली. सराफाचं नाव सापडायची सोय झाली, म्हणायची. कारागीर अजून बोळातच आहे.

आमच्या घरातला धंदा तोवर टिकला नाही. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली, आणि आजोबांनी ऐरण उचलून माळ्यावर टाकली. चोपडी त्याच माळ्यावर सापडली.

नंजनगूडला बसने गेलो. गावात शिरताना कपिलेवरचा जुना विटांचा पूल लागतो, १७३५ च्या सुमाराचा. श्रीकंठेश्वराच्या देवळाचं गोपुर दुरूनच दिसू लागतं. ते तिसऱ्या कृष्णराजांच्या राणी देवाजम्मण्णींनी बांधवलं. टिपूच्या लाडक्या हत्तीचे डोळे इथल्या देवाने बरे केले, म्हणून टिपूने त्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं आणि पाचूचं लिंग अर्पण केलं, असं इथे सांगतात. देवळासमोर नारळ, कापूर आणि नंजनगूडची प्रसिद्ध रसबाळे केळी. जत्रा नव्हती, गर्दी बेताची होती. इथल्या सोनाराचा हंगाम म्हणजे लग्नसराई आणि जत्रा. मग वर्षातले बाकीचे महिने खापरपणजोबा काय करत असतील, ते त्या ओस दुपारी बरोबर कळलं. वाट बघत असतील.

बाजारात एका अरुंद दुकानात वृद्ध अक्कसाली ताळी, म्हणजे इकडचं मंगळसूत्र, घडवत बसले होते. माझी कानडी ऐकून हसले. ‘हुब्बळ्ळि कडेयवरा?’ आमची सरहद्दीवरची कानडी इथे पहिल्या वाक्यालाच उघडी पडते. ‘अजून वरचा, यजमानरे,’ म्हणालो आणि चोपडीच्या पानांची चित्रं पुढे केली. मोडी त्यांना येत नव्हती, पण वजनांच्या खुणा माझ्यापेक्षा त्यांना लवकर उमगल्या. मी तोळा-मासा-गुंज या हिशेबाने वाचत होतो आणि बेरीज जुळत नव्हती. हे इकडचं माप होतं. दहा हणांचा एक वराह, अर्ध्या हणाला अड्ड, पावला हाग. नाणी चलनातून गेली तरी सोनाराच्या काट्यावर ही वजनं पुढे पुष्कळ काळ राहिली. खापरपणजोबांनी इथे येऊन आपला काटा इथल्या मापाला लावला होता.

पहिल्या पानांवर घडणावळ आहे : ताळी, गुंड, मूगुती, मुलांचे वाळे. कानडी नावं, मोडी अक्षर. शके १७९८ पासून घडणावळ आटत जाते आणि एकच शब्द येऊ लागतो : मोड. अमक्या गावचे चांदीचे वाळे, मोड. कंबरेचा डाब, मोड. शके १७९८ म्हणजे १८७६. दक्षिणेतल्या मोठ्या दुष्काळाचं पहिलं वर्ष. म्हैसूर मुलखाची लोकसंख्या १८७१ च्या खानेसुमारीत पन्नास लाखांवर होती. १८८१ मध्ये ती बेचाळीस लाखांच्या आत आली. मुंबईच्या टांकसाळीत तेव्हा रयतेच्या अंगावरची चांदी येऊन पडत होती. ज्या लोहमार्गाने मी म्हैसूरला आलो, तोही दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला. म्हैसूरपर्यंत गाडी धावू लागली ती १८८२ मध्ये.

मोडीचा क्रम ठरलेला दिसतो. आधी चांदी, मग सोन्याचे सुटे मणी, मूगुती. शेवटी ताळी. आणि इथे एक नोंद अशी आहे की ती वाचून दाखवताना माझी जीभ अडखळली. बदनवाळ गावच्या एका घरासाठी घडवलेली ताळी पुढच्या पानांवर पुन्हा येते, मोड म्हणून. गाव तेच, वजन हणाला अड्डाला तेच. अशा ताळ्या आणखीही आहेत. ज्या हातांनी घडवल्या त्याच हातांनी परत घेतल्या.

दरही लिहिले आहेत. पडेल भाव. खापरपणजोबा दुष्काळ सरल्यावर गडहिंग्लजला परतले, कोलारच्या खाणींचा गाजावाजा सुरू होण्याआधीच. आमचं दगडी जोत्याचं घर त्यानंतरचं. राजाचा सोनार ही कथा घरात कोणी आणि का रुजवली असेल, याचा अंदाज मला चोपडीतल्या दरांवरून येतो. राजाकडून पैसा आला म्हणणं सोपं.

हे सारं मी यजमानांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ताळीवरची नजर काढली नाही. ‘त्यांनी न घेऊन काय झालं असतं?’ म्हणाले. ‘त्या बाईला त्या दिवशी नाचणी हवी होती.’ थोड्या वेळाने खास धंद्यातला प्रश्न विचारला : ‘घट किती धरली होती?’

हे मी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघं पानं पुन्हा चाळत बसलो. मोडीच्या प्रत्येक नोंदीपुढे घट लिहिली आहे, कुठे एक हाग, कुठे अड्ड. स्वतः घडवलेल्या ताळ्यांपुढे मात्र नाही. तिथे पुरं वजन धरलंय.

‘म्हणजे दया आली असेल,’ मी म्हणालो. थोडा घाईघाईनेच.

‘असेलही,’ यजमान म्हणाले आणि फुंकणी उचलली. ‘पण आपण झाळ किती लावली होती, ते त्यांना ठाऊक होतं ना!’