दहा तासांचा माणूस

झोपेच्या बाबतीत मला आजवर कोणी वकील मिळाला नव्हता. वडील पहाटे चारला उठायचे, ही साडेपाचला उठते आणि आमचे चिरंजीव रात्री झोपतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या उठण्याचा प्रश्न येत नाही. शेवटी वकील मिळाला तो थेट जपानात. नाव शिगेरू मिझुकी, धंदा चित्रकथा काढण्याचा.

हे गृहस्थ 1922 साली जन्मले आणि लहानपणापासून मनसोक्त झोपले. शाळेत कायम उशीर. पुढं युद्धात न्यू ब्रिटन बेटावर रवानगी झाली. एका पहाटे पहाऱ्यावर असताना दुर्बिणीतून पोपट बघत बसले आणि परतायला उशीर झाला. तेवढ्यात हल्ला होऊन तुकडीतली बाकीची माणसं मारली गेली. जीव मुठीत धरून हे छावणीत पोचले, तर साहेबांचा सवाल : सगळे मेले, मग तू कसा जिवंत? उशिरा येण्यावरून मीही साहेबांची बोलणी खाल्ली आहेत, पण इतकी नाही. नंतर मलेरियानं पडलेले असताना बाँबहल्ल्यात डावा हात गेला.

घरी आल्यावर उरलेल्या हातानं चित्रं काढली. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी वर्षानुवर्षं काढली. पैसे मिळाले तर मिळाले. 1961 साली लग्न झालं, तेही मुलगी पाहिल्यापासून पाच दिवसांत. (आयुष्यात घाई केली ती इथंच!) नाव झालं तेव्हा चाळिशी उलटली होती. 1968 साली त्यांचा कितारो टीव्हीवर आला. हा भुतांच्या कुळातला पोरगा. त्याचा बाप म्हणजे हातपाय फुटलेला एक डोळा, आणि तो वाडग्यात आंघोळ करतो! मालिकेचं गाणं मिझुकींनीच लिहिलं आणि त्यात भुतांच्या सकाळच्या झोपेची नीट व्यवस्था लावून दिली.

पण माझा खरा पुरावा पुढंच आहे. एका समारंभात ओसामू तेझुका आणि शोतारो इशिनोमोरी हे दोन दिग्गज चित्रकथाकार आपापली जागरणं मोठ्या अभिमानानं सांगत होते. मिझुकी म्हणाले, कितीही काम असो, मी दहा तास झोपतो. दोघं हसले. तेझुका 1989 साली गेले, इशिनोमोरी 1998 साली. दोघंही साठाव्या वर्षी. मिझुकी 2015 साली गेले, वय 93. हा किस्सा त्यांनी स्वतःच चित्रांत काढून ठेवला आहे.

जेवताना मी हा पुरावा सादर केला.

"अहो, ते उठल्यावर चित्रं काढायचे," ही म्हणाली. "तुम्ही उठल्यावर चहा मागता."

चिरंजीवांची कचेरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. "बाबा, मला साठीला अजून तीस वर्षं आहेत," म्हणून तो हसत खोलीत गेला.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या दाराखालून उजेड येत होता. दार वाजवावं की वाजवू नये, ते ठरेना. मिझुकी असते तर सरळ जाऊन झोपले असते. मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

सकाळी साडेनऊला उठलो. हिनं न बोलता चहा ठेवला.