मधला खटका

अल्टरनेटरवर मी व्हायवाला कधी अडकलो नाही. रोटरला फील्ड करंट, स्टेटरमध्ये थ्री फेज, सहा डायोड, बाहेर डीसी. झोपेतून उठवून विचारा! पण तोच अल्टरनेटर मी स्वतःच्या हाताने जाळला, आणि तोही मामाचा.

मामा शहापूरचा. त्याचा एक जुना डिझेल टेम्पो आहे, वर दोन भोंगे. लग्न, प्रचार, जत्रा, जे मिळेल ते. बॅटऱ्या दोन, एक गाडीची आणि एक साउंडची. मध्ये एक खटका: १, ऑफ, २. खटका जिकडे, तिकडची बॅटरी अल्टरनेटरला जोडलेली. "चालू गाडीत त्याला हात लावायचा नाय," एवढंच मामा सांगायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पौष महिन्यात मुरबाडजवळच्या म्हसा जत्रेत दिवसभर भोंगे वाजले. रात्री साउंडची बॅटरी पार उतरलेली. वाटेत चार्ज व्हावी म्हणून मामाने खटका २ वर ठेवला, गाडी धक्का मारून चालू केली आणि पैसे आणायला गेला. मी केबिनमध्ये. दिवे पिवळट दिसले. म्हटलं, चांगल्या बॅटरीवर घेऊ. ॲक्सिलरेटर दाबला आणि खटका फिरवला.

२ वरून १ वर जाताना मध्ये ऑफ लागतो. दोन्ही हेडलाइट क्षणभर पांढरेशुभ्र झाले आणि डावा गेला. मी गप्प बसलो.

सरळगाव सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो तसा उरलेला दिवाही मंदावला. अल्टरनेटर काहीच देत नव्हता आणि गाडीची बॅटरीही म्हातारीच. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, म्हणून गाडी चालत राहिली. पौर्णिमेचं चांदणं होतं म्हणून घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने अल्टरनेटर खोलला. टेस्ट लॅम्प डायोडला दोन्ही बाजूंनी लावला, दोन्हीकडून पेटला. "चालू गाडीत बॅटरी तोडली का कुणी?" मामाने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ पोऱ्याकडे वळला, कारण खटका रोज तोच हाताळायचा. तो "नाय वो" म्हणत राहिला. दुरुस्तीचे पैसे त्याच्या मजुरीतून कापले. मी तिथेच उभा होतो. इंजिनीअर भाचा!

होस्टेलवर आल्यावर झोप लागेना. लायब्ररीत शोधताना सापडलं ते शिडाच्या बोटींबद्दल. आपल्या गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगप्रदक्षिणा करून आले, तसल्या बोटी. वारा असला तरी दिवे, रेडिओ, जीपीएस यांना वीज लागतेच. म्हणून तिथेही बहुधा दोन बॅटऱ्या, एक इंजिन चालू करायला, एक बाकी सगळ्याला. आणि तसाच खटका, फक्त त्यावर 'दोन्ही' अशी एक जागा जास्त. चांगल्या खटक्यात पुढची बॅटरी आधी जोडली जाते, मगच मागची सुटते. तरी बजावलेलं असतंच, की इंजिन चालू असताना ऑफवर जाऊ नका.

कारणही कळलं. रोटरचं वेटोळं म्हणजे इंडक्टर, त्यातला करंट एकदम शून्य होत नाही. उतरलेली बॅटरी भरपूर करंट ओढत असते, ती तुटली की त्या करंटला जायला जागा नाही. रेग्युलेटर सावरेपर्यंत १४ व्होल्टचे शंभरच्या आसपासही जाऊ शकतात. सेकंदाचा काही भागच, पण डायोडला तेवढं पुरतं. हे सगळं मी सेकंड इयरला पाठ केलं होतं. परीक्षेत इंडक्टर विचारला असता तर दहापैकी नऊ.

होळीला गेलो तेव्हा मामाला सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग उठून पोऱ्याच्या घरी गेला. मीही मागे गेलो. पोऱ्या मला म्हणाला, "मला म्हाईत व्हतं, दादा. दिवा उडाला तवा मी मागं उभा होतो."

त्या दुपारी आम्ही दोघांनी अल्टरनेटरची जाड वायर खटक्यातून काढली आणि फ्यूज टाकून थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. साउंडची बॅटरी चार्ज करायला रिले लावला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज चढलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झालं की सोडतो. क्रिंपिंग पोऱ्याने केलं. माझं त्याने दोनदा कापून टाकलं.