नारळ

२०२५च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. त्या बातमीतला ‘फ्यूचर-रेडी’ हा शब्द मला खुपला. कंपनी भविष्यासाठी सज्ज होत होती आणि त्या भविष्यात मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतल्या या माणसांना जागा नव्हती. २०२३च्या जानेवारीत गूगलनेही सुमारे तेवढ्याच कपातीची घोषणा केली. अनेकांना ते ईमेलवरून कळले. पूर्ण जबाबदारी आपली, असे सुंदर पिचाई म्हणाले. त्यांची खुर्ची शाबूत राहिली.

मी अनुवाद करते, म्हणून हे शब्द रोज भेटतात: ‘राइटसायझिंग’, ‘रिस्ट्रक्चरिंग’. त्यांत काढणारा दिसत नाही, निघालेलाही नाही. मराठीत कामावरून काढण्याला ‘नारळ देणे’ म्हणतात. निरोपाच्या वेळी मानाने देतात, तोच नारळ. बोलण्यात टोमणा आहे खरा. पण देणाऱ्याचा हात दिसतो आणि घेणारा समोर उभा असतो. देणाऱ्याला निदान त्याच्या तोंडाकडे बघावे लागते.

‘पुनर्रचना’ लिहून मोकळे होणे सोपे आहे. मी ‘कामावरून काढले’ असेच लिहिते. संपादकांनी खोडले, तर कोणाला वाईट वाटू नये म्हणून खोडले, एवढे विचारते.