हललेली खूण

आमच्या मातोश्रींना अक्षरओळख बेताची. परदेशी नातवंडांना निरोप धाडताना फोनवरील चिन्हांच्या जागा हाच त्यांचा आधार. एके सकाळी त्या जागाच बदलल्या. “माझंच काही चुकलं असेल,” म्हणत त्यांनी फोन बाजूला ठेवला. आठवडाभर निरोप गेला नाही.

२०१८ साली ‘स्नॅपचॅट’ने आपली मांडणी बदलली, तेव्हा जुनी परत मागणाऱ्या अर्जावर १२ लाखांहून अधिक सह्या झाल्या, कंपनीने काही बदल मागेही घेतले. मातोश्रींसारख्यांची सही अशा अर्जावर नसते. त्या स्वतःलाच दोष देतात.

नवे नकोच, असे आमचे म्हणणे नाही. मात्र खूण हलवणाऱ्याने तिच्या आधारे चालणाऱ्याचे स्मरण ठेवावे. तूर्त आम्ही मातोश्रींचे बोट धरून त्यांना नवी जागा दाखवीत आहोत.